जांभळा रमला तर

बाबांनी अट घातली ती माशाची. "माझा जांभळा तुमच्या टाकीत रमला तर मी राहतो. नाही रमला तर आम्ही दोघं आपले परत जाऊ," असं म्हणाले आणि गाडीत बसले. कपड्यांची बॅग डिकीत आणि माशाचा डबा मांडीवर. अकरा वर्षं सांभाळलेला मासा, तोही खाऱ्या पाण्यातला.

मला मासे आवडत नाहीत, हे आधीच सांगते. माझं नशीब असं की वडील मासेवेडे आणि नवराही त्यांच्याच पंक्तीतला. पण त्या आठवड्यात त्या एका माशासाठी माझा जीव टांगणीला लागला होता. दोन महिन्यांपूर्वी बाबा त्यांच्या घरी बाथरूममध्ये घसरून पडले आणि तीन तास तसेच फरशीवर पडून राहिले. नळ वाहतोच आहे, थांबत कसा नाही, म्हणून शेजारणीला शंका आली, म्हणून बरं. मासा जगला तर बाबा माझ्या डोळ्यांसमोर राहणार होते. साधं गणित.

साधं कसलं! नवऱ्याच्या टाकीत आधीच दोन टँग होते, एक निळा, एक पिवळा. टँग म्हणजे ताटलीसारखे चपटे मासे. दिवसभर शेवाळ खुडत फिरतात, दिसायला अगदी गरीब गाय. पण शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा धारदार काटा.

"निळ्याची काळजी नको," नवरा म्हणाला. "त्याची घडण वेगळी. पिवळा आणि जांभळा मात्र एकाच घडणीचे. आपल्यासारखा दुसरा दिसला की पिवळ्याचं डोकं फिरतं."

"म्हणजे तुझ्या दोन काकांसारखं."

तो हसला नाही. तोही घाबरलेला होता. सासऱ्यांचा मासा आपल्या टाकीत मेला तर तोंड कुठे लपवायचं, ही त्याची काळजी.

त्याने त्याच्या परीने सगळं केलं. टाकीतले दगड उचलून सगळी रचनाच बदलली, म्हणजे पिवळ्याला आपला कोपरा कुठला हेच कळू नये. जांभळ्याला तीन दिवस भोकांच्या पेटीत घालून टाकीतच ठेवलं. आणि मोकळा सोडला त्या दिवशी डाव्या काचेला बाहेरून आरसा चिकटवला. पिवळा आरशातल्या पिवळ्याशी भांडत बसतो, तेवढ्यात नवा मासा स्थिरावतो म्हणे. मी कपाळावर हात मारून घेतला, पण उपाय लागू पडला. पिवळा दिवसभर स्वतःच्याच अंगावर धावून जायचा.

बाबा टाकीसमोर खुर्ची टाकून बसत. चहा घेणार का? "तू म्हणशील तसं." खिडकी उघडू का? "तू म्हणशील तसं." या घरात माझं इतकं कुणी कधी ऐकलं नव्हतं आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं. जन्मभर मीठ कमी पडलं की ताट सरकवणारा माणूस आता अळणी भाजी गुपचूप संपवत होता.

मग एके दिवशी जांभळ्याची शेपटी फाटलेली दिसली. दुसऱ्या दिवशी अंगावर ओरखडा. आरसा जागेवर होता, पण तिरका, आणि चिकटपट्टीची कड उचललेली. नवऱ्याने नवी पट्टी लावली. पुढच्या दिवशी पुन्हा तिरका. "दोन पट्ट्या धड लावता येत नाहीत?" मी त्याच्यावर उखडले. त्याने चार लावल्या.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. त्याच्या दुसऱ्या दिवशी माझं कामात लक्षच नव्हतं. एका काकूंना तीनदा तीच काच लावून "आता स्पष्ट दिसतंय?" म्हणून विचारलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "बाई गं, तू घरी जा." मी दुपारी घरी गेले.

बाबा झोपले असतील म्हणून दार हळूच उघडलं. ते टाकीपाशी उभे होते, माझ्याकडे पाठ करून. आरसा त्यांच्या हातात होता.

पिवळा क्षणभर गोंधळला, मग वळला. जांभळा पंपामागे घुसला. पिवळ्याने त्याला तिथूनही हुसकलं आणि शेपटीचा फटका मारला. बाबा पुटपुटत आकडे मोजत होते. "अकरा, बारा, तेरा..." चौदा काही आले नाहीत. "ए! सोड! सोड त्याला!" त्यांनी काचेवर तळहात आपटला, घाईघाईने आरसा परत लावला, तिरकाच, आणि खुर्चीत बसून रडायला लागले.

"बाबा! रोज करताय हे?"

ते दचकले. मग डोळे पुसत म्हणाले, "रोज ठरवतो, आज परत लावायचा नाही. नाही बघवत."

"अहो, मेला असता तो!"

"मेला असता तर घरी गेलो असतो."

मला संताप आला. स्वतःच्या माशाला मार खायला लावायचा, आणि कशासाठी, तर माझ्यापासून सुटायला? "मग तेव्हाच नाही म्हणायचं होतं!"

"कसं म्हणू? हॉस्पिटलात तू माझा हात सोडत नव्हतीस. म्हटलं, माशावर ढकलू."

त्या आठवड्यात मी त्यांना शंभर प्रश्न विचारले होते. हा एक मात्र जाणूनबुजून टाळला होता, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

"बाबा, घरी जायचंय का?"

"हो."

नुसतं हो. मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. "मला भीती वाटते, बाबा."

"मलाही वाटते गं. बाथरूमच्या दाराशी गेलो की रोज वाटते. पण ती मला माझ्या घरात वाटू दे."

मी टाकीतल्या जांभळ्याकडे बोट दाखवलं. "आणि हा?"

"त्याला राहू दे. पुन्हा डबा, पुन्हा पाण्याची बदली, फाटक्या शेपटीने त्याला सोसायचं नाही. पिवळा निवळेल चार दिवसांत." मग जरा ओशाळून म्हणाले, "आरसा काढणारा माणूस गेला की लवकरच निवळेल."

एवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तो धापा टाकल्यासारखा बोलत होता. "दुकानात फोन केला तर म्हणाले तू घरी गेलीस. काय झालं? जांभळा गेला का?"

"नाही," मी म्हटलं. "जांभळा राहतोय. बाबा जातायत."