पाठीतल्या पाण्याची चिठ्ठी

मी एक जुना इन्क्युबेटर आहे. म्हणजे लॅबमधलं उबेचं कपाट. आणि मित्रांनो, आज मी गोड बोलणार नाही.

माझं काम एकच. आत सदतीस अंश ऊब राखायची, माणसाच्या अंगात असते तेवढीच. आजाऱ्याचा नमुना काचेच्या बशीत पसरतात आणि ती बशी माझ्या पोटात ठेवतात. जिवाणू असले तर एक-दोन दिवसांत ठिपके उगवतात. मग कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. विषाणू माझ्याकडे उगवत नाहीत, त्यांची तपासणी वेगळी.

एकवीस वर्षं बाईंनी मला सांभाळलं. बाई म्हणजे इथल्या सर्वांत जुन्या टेक्निशियन. रोज सकाळी पारा बघून विचारायच्या, "काय रे बाबा, बरा आहेस ना?" माझ्या दारावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती : 'पाठीतलं पाणी फ्रीजमध्ये ठेवू नये. गारठ्याने जंतू मरतात. तडक तपासायला घ्यावं.'

मग विषाणू ओळखणारं नवं मशीन आलं. येऊ दे की! मला त्याचं वावडं नव्हतं. पण लॅबच्या नव्या साहेबांनी मला कोपऱ्यात ढकललं, डोक्यावर खोकी रचली आणि "कसली ही लक्तरं!" म्हणत चिठ्ठी टराटरा फाडली.

बाई रजेवर होत्या त्या दुपारी एक आई धापा टाकत आली. तिच्या पाच वर्षांच्या मुलीला सणकून ताप होता, मान ताठ झाली होती. मेंदूज्वराची शंका म्हणून डॉक्टरांनी जिवाणूंवरचं औषध सुरू केलं होतं आणि पाठीतलं, म्हणजे कण्यातलं, पाणी काढून तपासायला दिलं होतं.

"साहेब, लवकर बघा हो."

"जेवून आलो की बघतो."

"तोवर खराब नाही ना होणार?"

"फ्रीजमध्ये ठेवतो की! भाजीसुद्धा चार दिवस टिकते त्यात."

अहो, इकडे द्या! मी किती तळमळलो. पण मला तोंड आहे ते फक्त बश्या घालायला.

दोन तासांनी बशी माझ्याकडे आली. मेलेल्या जंतूंना ऊब देऊन काय होणार? दोन दिवसांनी रिपोर्ट गेला, 'जिवाणू नाहीत.' डॉक्टरांना वाटलं, विषाणूचा आजार असेल. त्यांनी सुरू केलेलं जिवाणूंवरचं औषध थांबवलं. पोरीला झटके येऊ लागले.

बाई कामावर आल्या आणि त्यांनी वही उघडली. "नमुना दोन तास कुठे होता?"

"फ्रीजमध्ये. खराब होऊ नये म्हणून."

"अहो, मारून टाकलेत तुम्ही जंतू! आता रिपोर्टात काय दिसणार, कपाळ?"

त्या लेकराच्या पाठीत पुन्हा सुई गेली. या वेळी बाई पाण्याची नळी उबदार मुठीत धरून धावत आल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या आत ठिपकेच ठिपके. औषध पुन्हा सुरू झालं आणि मुलगी वाचली.

काल ती आईबरोबर आली होती. मागून औषधांची गाडी खडखडत आली. "बाजूला हो गं!" आई ओरडली. मुलगी हललीच नाही. आईनेच धावत जाऊन तिला ओढलं. औषध थांबलं तेवढ्यात मेंदूज्वराने दोन्ही कान नेलेत तिचे.

साहेब म्हणतात, "नशीब एकेकाचं." नशीब? डोंबलाचं नशीब!

बाईंनी नवी चिठ्ठी लावली आहे, बोटाएवढ्या अक्षरांत. मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, चालेल. पण ही चिठ्ठी कुणी फाडायला आलं तर त्याचा हात धरा. कागद फाटल्याचा आवाज त्या पोरीला आता ऐकू यायचा नाही. तुम्हाला तर येतो ना?