ओटीवर भरलेली बाटली

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी पाणी तपासायची जुनी बाटली आहे. एक लिटरची, पांढऱ्या प्लास्टिकची. प्रयोगशाळेत मला तेजाबानं धुतात आणि पोटात चार थेंब तेजाब ठेवून पाठवतात. का? पाण्यातलं शिसं माझ्या अंगाला चिकटून लपू नये म्हणून. तिथलं यंत्र एवढं चोंबडं, की टँकरभर पाण्यात चिमूटभर शिसं असलं तरी चुगली करतं. पण त्याला खरं पाणी तर मिळायला पाहिजे!

२००३ साली नमुने गोळा करणाऱ्या कमळाकरनं मला मुरबाडकडच्या एका पाड्यावर आणलं. तिथल्या जनाबाईची सून योगिनी महिनाभर पोट धरून बसलेली. हिरड्यांवर निळी रेघ. डॉक्टर म्हणाला, शिशाचा संशय आहे, विहीर तपासा. विहिरीच्या वरच ओढ्याकाठी शिसं काढायला जुन्या बॅटऱ्या फोडायची शेड होती. पाड्यावरच्या कुत्र्यालाही ते ठाऊक होतं.

विहीर दोन शेतं पलीकडे. कमळाकर ओटीवरच टेकला. साहेब येणार म्हणून जनाबाईनं पितळेचा हंडा चिंचेनं लख्ख घासून भरून ठेवलेला.

"साहेब, विहीर दाखवू?"

"कशाला आजी? हे पाणी तिथलंच ना?" म्हणत त्यानं हंड्यातलंच पाणी माझ्यात ओतलं.

अरे आळशा! पितळेत तांबं असतं, जस्त असतं, शिसंही असतं! चिंचेनं घासलं की पाण्यात उतरतं! पण माझं कोण ऐकतं?

रिपोर्टमध्ये तिन्ही धातू निघाले. शेडवाला ग्रामसभेत दात काढत म्हणाला, "हंडे तुमचे, नि नाव आमचं?" कमळाकरनं मुंडी हलवली. विहीर पास! पितळी हंडे माळ्यावर गेले, प्लास्टिकचे आले. जनाबाई कोपऱ्यात रडली. "म्हंजे सुनंला मीच विख पाजलं?"

पाच महिने गेले. योगिनीचं दुखणं तसंच. डॉक्टरनं परत लिहून दिलं. कमळाकर मला घेऊन परत आला आणि परत ओटीवर बसला.

"बसा साहेब, चाय घ्या," जनाबाई म्हणाली. मला उचललं नि थेट विहिरीवर. मागून तिचा पोरगा नवसू, योगिनीचा नवरा, माझ्यासोबत आलेली सूचनांची चिठ्ठी वाचत पळतोय. "आये, आतलं ओतू नको! धुऊ नको!"

"नाय रे धूत. घासूनच तर घात झाला ना!"

तिनं प्लास्टिकच्या बादलीनं पाणी काढलं, मला भरलं, झाकण घट्ट लावलं.

कमळाकर कप ठेवत म्हणाला, "आजी, तुम्ही कशाला गेलात?"

"तुमचं पाय दुखत्यात ना, म्हून."

या वेळी तांबं-जस्त नावापुरतं. शिसं मर्यादेच्या चौपट! बोट दाखवायला पितळ नव्हतं. विहीर बंद झाली, टँकर आला, शेडवाल्याला नोटीस गेली.

टाळ्या नका वाजवू! ते पाच महिने योगिनी तेच पाणी पीत होती. टँकर आला तेव्हाही रेघ हिरड्यांवर होतीच. दोन शेतं चालायचा कंटाळा आला एकाला, आणि भोगलं तिनं.

म्हणून मित्रांनो, तुमच्या गावात कोणी माझ्यासारखी बाटली घेऊन आला, तर त्याला ओटीवर टेकू देऊ नका. चहा नंतर. आधी हात धरून विहिरीवर न्या, आणि झाकण लागेपर्यंत तिथून हलू नका.