सारजानं राखलेल्या बोरी

ज्वारीच्या रानातल्या माळ्यावर उभा राहून गोफण फिरवत होतो, तेव्हा मेहुणा पंडित बांधावरून येताना दिसला.

"दाजी, खाली या."

"काय झालं?"

"आक्का गेली. ताप आलता. दोनच दिवस."

त्याची आक्का म्हणजे माझी बायको, सारजा. ती बहिणीच्या बाळंतपणाला धर्मापुरीला गेली होती. मी गोफण तिथंच टाकली आणि त्याच्यामागं निघालो.

ज्वारी हुरड्यात आली होती. वर्षभराची भाकरी तीच. दोन वर्षांपूर्वी गुत्तेदाराच्या माणसांनी झाडं तोडून डोंगर उघडा केला आणि वानरं खाली उतरली. आधी ती डोंगरातली फळं खायची. मग लिंबाचा पाला, कच्ची चिंच, आणि तेही संपलं की आमची कणसं. गेल्या साली निम्मं रान त्यांनी खाल्लं. दहावा करून परतताना वाटलं, आता कणसांविना नुसती ताटं उभी असतील.

पण कणसं जागेवर होती. ओढ्याकडच्या दोन ओळी तेवढ्या गेल्या होत्या. वानरं ओढ्यातल्या बोरींवर बसून बोरं नि कोवळा पाला खात होती. दरसाल सिदू धनगर शेळ्यांसाठी त्या बोरी छाटून बोडक्या करायचा. यंदा एकीलाही कुऱ्हाड लागली नव्हती.

सिदू तिथंच शेळ्या चारत होता.

"बोरी कावून न्हाई तोडल्या बे?"

"वैनीनं तोडू दिल्या न्हाईत. म्हनली, वानरांचं पोट हितंच भरलं तर ती पिकात कशाला येतील? मी म्हनलं, मग माझ्या शेळ्यांनी काय वारा खायचा? तर पाटी पाटी तुरीचं भुसकट आनून दिलं."

"मला न्हाई सांगितलं ते?"

"म्हनली, त्येंचा समदा जीव गोफनीत हाय. सांगितलं तर मोडता घालतील."

मी खाली बसलो. भुसकटाचा ढीग खचलेला मी पाहिला होता. विहिरीवर चार बाया असताना तिला म्हणालो होतो, "बैलांचं भुसकट माहेरी धाडतीस व्हय?" ती म्हणाली, "माहेरी न्हाई, तुमच्या भावकीला घालते." बाया हसल्या. मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही, आणि तिसऱ्या दिवशी ती धर्मापुरीला गेली.

यंदा कणगी भरली ती तिच्यामुळं. भाकरी मीच थापतो, वाकडी होते, पण रोज होते. खाताना तिचं नाव घेतो. सिदूला भुसकटाची पाटी आता मी नेऊन देतो, नि बोरी उभ्या आहेत.

माहेरावरून बोललो ते मागं घ्यायचं राहिलं.