रजेनंतर कामावर रुजू

"लागुआर्दियाच्या आधी तो घाट लागतो ना, तिथं मध्येच थांबायला जागा आहे का? तुझ्या आईला वळणांवर मळमळतं," सदानंदने विचारले.

"देअर्स अ व्ह्यूपॉइंट, बाबा. राइट ॲट द टॉप." अस्मीने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "आय मार्क्ड इट फॉर आई."

"आणि गाडी उजव्या बाजूनंच ना तिकडं? इथल्यासारखी?" स्वयंपाकघरातून अपर्णाचा आवाज आला.

"आई, यू आस्क दिस एव्हरी डे!"

"विचारणारच. हे नाशिकला गेले की पहिल्याच चौकात उलट्या बाजूला घुसतात. तिकडच्या पोलिसाला काय, मराठीत सॉरी म्हणणार?"

आखाती शहरातल्या अल बर्शा भागात, त्या पाचव्या मजल्यावर गेले चार महिने रोज संध्याकाळी हा प्रवास चालू होता. ऑक्टोबरातले अकरा दिवस. बोर्दोला उतरून भाड्याची गाडी घ्यायची, सेंत-एमिलियोंच्या द्राक्षमळ्यांतून दक्षिणेला वळायचे, बियारित्झचा समुद्र उजव्या हाताला ठेवून फ्रान्सची सीमा ओलांडायची, सान सेबास्तियनला दोन मुक्काम, आणि मग डोंगर चढून बास्क मुलखातले ते दगडी तटबंदीचे गाव, लागुआर्दिया. तिघांपैकी कोणीही वाइनच्या थेंबाला शिवत नव्हते. सदानंदला वेली पाहायच्या होत्या.

तो मूळचा दिंडोरीचा. वडिलांच्या बागेत वेल पंधरा वर्षांची झाली, उतारा घटला, की बाग मोडत. उपटलेले बुंधे बांधावर रचले जात आणि त्यांच्यावर वर्षभर आंघोळीचे पाणी तापे. अस्मीने त्याला लागुआर्दियाच्या पायथ्याचा एक मळा दाखवला होता. तिथे तारा नव्हत्या, मांडव नव्हता. शंभरी ओलांडलेल्या वेली आपापल्या बुंध्यावर उभ्या होत्या. त्यांना फळ थोडे येते, पण बाटलीवर वेलीचे वय अभिमानाने छापतात. म्हातारपणाची किंमत चढती असू शकते हे विधान छप्पन्न वर्षांच्या सदानंदला इतके अविश्वसनीय वाटले, की प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ते मानायचे नाही असे त्याने ठरवले.

व्हिसासाठी आता एकच कागद बाकी होता: कंपनीचे पत्र. आणि पत्रे हे तर सदानंदचेच साम्राज्य.

जबल अलीतल्या एका पाइप कंपनीत तो चोवीस वर्षे पत्रे लिहीत आला होता. व्हिसाच्या पत्रात चार वाक्ये असत. नाव आणि हुद्दा, केव्हापासून नोकरीत, कोणत्या तारखांची रजा मंजूर, आणि शेवटचे, वकिलातीच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे: रजा संपल्यावर सदर कर्मचारी आपल्या कामावर रुजू होईल.

मंदीच्या एका वर्षी कंपनीपुढे नैतिक पेच उभा राहिला. काही माणसांना काढायचे ठरले होते, पण सांगायचे ठरले नव्हते. आणि तीच माणसे नेमकी पत्रे मागायला येत. "खोट्यावर सही कशी करायची?" असे तेव्हाच्या साहेबांनी विचारले. सदानंद नम्रपणे म्हणाला होता, "शेवटची ओळ सोडून द्यायची, सर. कोण बघतंय? आणि जागा मोकळी दिसू नये म्हणून शिक्का थोडा वर घ्यायचा." असत्य लिहायचे नाही एवढी कंपनीची नीती होती, सत्य सांगायचे नाही एवढे तिचे धोरण. या दोहोंमधली बोटभर जागा सदानंदने सुबकपणे आखून दिली. त्या वर्षी त्याला आदर्श कर्मचाऱ्याचे काचेचे मानचिन्ह मिळाले. घरी येऊन त्याने अपर्णाला युक्ती सांगितली, तेव्हा ती फक्त म्हणाली होती, "पाप लागेल हो."

पाप लागले नाही. निदान लगेच नाही. पेशावरचा वली, गोदामाचा कारकून, मुलाच्या पदवीदानाला लंडनला निघाला होता. व्हिसा नाकारला गेला. पत्राची घडी उलगडून त्याने विचारले, "सदाभाई, तुम पढ़े-लिखे आदमी हो. इसमें कुछ कम तो नहीं?"

"सब ठीक है, वलीभाई. एम्बसी की मर्ज़ी."

एकोणीस दिवसांनी वलीचा इथला व्हिसा रद्द झाला. तो कागदही सदानंदनेच टाइप केला.

आपले पत्र आपण टाइप करायचे नाही, हाही त्यानेच घातलेला नियम. म्हणून सोमवारी त्याने काम अफनानकडे दिले. अफनान रत्नागिरीकडच्या कुटुंबातला, शारजात वाढलेला, सव्वीस वर्षांचा. जूनपासून गुणवंत सरांनी, म्हणजे आताच्या एचआर मॅनेजरनी, त्याला सदानंदशेजारी बसवले होते: सगळं शिकून घे. त्या शब्दांचा अर्थ दुसऱ्या कोणाच्या टेबलाशेजारी खुर्ची लागली असती, तर सदानंदने जेवणाच्या सुट्टीआधी लावला असता. स्वतःच्या टेबलाशी लागलेल्या खुर्चीला तो शिष्य समजला.

"काका, फ्रान्स? गाडीनं? यल्ला, मज्जा आहे तुमची!"

"पत्र नीट काढ. मज्जा नंतर."

बुधवारी दुपारी अफनानने टेबलावर पाकीट ठेवले आणि न विचारताच चहा आणायला निघून गेला. पाकीट चिकटवलेले होते. ऑफिसातल्या ऑफिसात पाकीट कोणी चिकटवत नसे.

आत तीन वाक्ये होती. खाली गुणवंत सरांची सही, आणि गोल निळा शिक्का, थोडा वर घेतलेला.

सदानंदने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हते. एसीचा झोत मानेवर येत होता, तसा तो रोजच येई. नोकरीवर त्याचा इथला व्हिसा उभा होता, त्या व्हिसावर अपर्णाचा व्हिसा उभा होता, अस्मीचा होता, तिच्या कॉलेजचे उरलेले दीड वर्ष होते, घराचा करार होता. एक वाक्य काढले की वरचे सगळे कसे खाली येते हे त्याच्याइतके इमारतीतल्या कोणालाच ठाऊक नव्हते.

"अफनान, एक ओळ राहिली रे."

अफनानने दोन्ही कप टेबलावर ठेवले. "नाही राहिली, काका."

"कोण म्हणालं?"

"गुणवंत सर." तो खाली बघत होता. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्हाला तर सगळ्यांच्या आधी कळतं."

"कधीपर्यंत?"

"वल्लाह, नाही माहीत." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "मी टाकतो ना ओळ. दोन मिनिटं. सर साइटवर गेलेत, सहीचा स्कॅन आहे, शिक्का तुमच्याच ड्रॉवरमध्ये आहे. कोण बघतंय?"

सदानंदने आपला कप बाजूला सरकवला. चोवीस वर्षांत आपण काय शिकवले, ते दोन शब्दांत परत मिळत होते.

"नको. तुझी नोकरी जाईल." त्याने पत्राची घडी घातली. "शिक्का छान बसलाय. सरळ."

घरी अपर्णाने दारातच विचारले, "मिळालं का पत्र?"

"मिळालं."

"सगळं ठीक?"

"सगळं ठीक आहे," तो म्हणाला, आणि वलीला दिलेला तोच आवाज त्याला स्वतःच्या तोंडून ऐकू आला.

अस्मीने पत्र फाइलमध्ये लावले. "सो शॉर्ट, बाबा. बट फाइन." मग तिने सीमेपलीकडच्या टोलनाक्यांची यादी वाचायला घेतली. सदानंदने शेवटपर्यंत ऐकली. मध्ये एकदा, घाटातल्या त्या थांब्यावर सावली असते का, असेही विचारले.

गुरुवारी सकाळी व्हिसा केंद्रात तिघे एकाच खिडकीशी उभे होते. काउंटरवरची फिलिपिनो मुलगी कागद मोजत, कडा जुळवत चालली होती. तिची पद्धत सदानंदला आवडली. मग तिचे बोट पत्रावरून खाली घसरत आले आणि शिक्क्याजवळ थांबले.

"सर, युज्वली देअर इज अ लाइन हिअर. दॅट यू विल रिटर्न टू युअर जॉब. मे बी दे फरगॉट? यू कॅन ब्रिंग अ न्यू लेटर."

"दे डिडन्ट फरगेट," सदानंद म्हणाला. "दिस इज कम्प्लीट."

अपर्णाने मान वळवली. तिने कागदाकडे पाहिले, शिक्क्याकडे पाहिले, आणि मग नवऱ्याकडे. त्याने नजर चुकवली नाही. अस्मी फोनवर लागुआर्दियाचे हवामान बघत होती.

काउंटरवरच्या मुलीने खांदे किंचित उडवले, पत्र बाकीच्या कागदांत सारले आणि बोटांचे ठसे घेणाऱ्या काचेच्या लहानशा यंत्राकडे हात केला. सदानंदने अंगठा ठेवला. यंत्रात लाल दिवा लागला.

"अगेन, सर. प्रेस हार्डर."

पुन्हा लाल. कागदांनी झिजलेल्या बोटांवर रेषा फारशा उरल्या नव्हत्या.

"प्रेस हार्डर, सर."

अपर्णाने पर्समधून रुमाल काढला. लहान मुलाचा पुसावा तसा तिने त्याचा अंगठा पुसला, मग शेजारचे बोट, मग त्यापुढचे. आणि स्वतःच्या हाताने त्याचा हात काचेवर ठेवून, वरून दाबून धरला.