पानं प्यायची

सिद्धाप्पा वैद्यांच्या दवाखान्यात आलेला माणूस औषधाआधी बोलणी खाऊन घेई, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसे. रात्री दही खाल्लं म्हणून बोलणी, आधीचं जेवण जिरायच्या आत दुसरं ढकललं म्हणून बोलणी. केळ्यावर गार पाणी प्यायलेल्याला तर ते उठवून बाहेरच काढत. सोलापुरात दमेकऱ्यांना तोटा नव्हता. गिरण्यांत कापसाची धूळ, विडी कारखान्यांत तंबाखूची, आणि उरलेल्या गावात नुसतीच धूळ. त्या सगळ्या छात्या मंगळवार पेठेतल्या या एवढ्याशा खोलीत येऊन शिट्ट्या वाजवत बसत. अप्पा नाडीवर तीन बोटं ठेवत, डोळे मिटत आणि सांगत की शरीरातला वारा काही वाईट नाही, त्याच्या वाटेत कफ आडवा पडलाय. वाट मिळत नाही म्हणून तो धडका मारतो, तीच धाप. आपण वाट मोकळी करायची, वाऱ्याच्या मागे काठी घेऊन लागायचं नाही.

असं सांगितलेलं गिरणीतल्या मुकादम-जॉबरला कळे आणि शेतकऱ्यालाही कळे. अप्पांना त्याचा भारी अभिमान होता. कॉलेजातून शिकून आलेले नवे वैद्य पेशंटच्या तोंडावर संस्कृत फेकतात, मी माणसाशी माणसाच्या बोलीत बोलतो, असं ते येता-जाता ऐकवत. घात केला तो त्या बोलीनेच.

चौऱ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षातला तो बुधवार. गिरणीचा बाराचा भोंगा नुकताच झाला होता. समोर दगडाबाई बसली होती, विड्या वळणारी, महिनाभर कोरड्या खोकल्याने बेजार झालेली. अप्पांनी तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सवयीने विचारलं की बिडी पितेस का.

दगडाबाईला ते चांगलंच झोंबलं. "वळती की. दिसाला हजार वळती. पन प्यायला मी काय बापय हाय? बाईमानूस च्या पितं, काढा पितं. बिडी कुटं पितं?"

खोलीतली माणसं हसली. अप्पाही हसले, आणि हसता हसता त्यांना कालची पुडी आठवली.

काल मंगळवारी, बाजारच्या दिवशी, वळसंगचा कोंडीबा बायकोला घेऊन आला होता. रंभाबाई त्यांची जुनी पेशंट. अडुळसा आणि ज्येष्ठमधाच्या काढ्याने तिला बरं वाटे, पण या थंडीत धाप वाढली होती. म्हणून अप्पांनी काढ्याच्या पुडीबरोबर दुसरी एक पुडी दिली. त्यात धोतऱ्याची वाळलेली पानं होती. ग्रंथात त्याला धूमपान म्हणतात. पान जाळायचं आणि धूर छातीत घ्यायचा, की आवळलेली वाट सैल होते. एरवी बाईमाणूस असलं की अप्पा निखारे मागवत, त्यावर एक पान टाकत आणि डोक्यावरून पदर घेऊन धूर कसा घ्यायचा ते करून दाखवत. काल दारात चाळीस माणसं उभी होती. अप्पांनी दोन्ही पुड्या कोंडीबाच्या हातात ठेवल्या आणि त्याच्याच बोलीत सांगितलं, "सकाळी ह्या पुडीचा काढा. आन धाप लागली की ही पानं प्यायची."

बिडी पितात, चिलीम पितात, तशी पानं प्यायची. तलफ असलेल्या माणसाला हे बरोबर कळलं असतं. पण कोंडीबा सुपारीच्या खांडालाही न शिवणारा, आणि रंभाबाईला पिणं म्हणजे भांड्यात उकळून पिणं. पुडीत मूठभर पानं होती. उकळून प्यायली तर बैलालाही वेड लागलं असतं, आणि रंभाबाई तर काडीसारखी बाई.

अजून प्यायली नसेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. धाप लागली तरच प्यायची आहे. ते उठून दारात आले. काल लख्ख ऊन होतं. आज सकाळपासून आभाळ भरून आलेलं आणि पूर्वेचा बोचरा वारा सुटलेला. ढगाळ दिवशी, पूर्वेच्या वाऱ्यात दमा उसळतो, हे त्यांनीच आजवर हजार लोकांना बजावलं होतं. आपलं हे एक तरी ज्ञान खोटं निघावं असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

आतून त्यांच्या पत्नी दाक्षायणीबाई बाहेर आल्या. अप्पांनी त्यांना अर्ध्या वाक्यात सगळं सांगितलं. वाचता न येणाऱ्यांसाठी पुड्यांवर चित्रं काढा, एकीवर कप, एकीवर निखारा, असं त्या दोन वर्षांपासून म्हणत होत्या; हा दवाखाना आहे, बालवाडी नव्हे, असं अप्पांनी त्यांना उडवून लावलं होतं. आज त्या त्यातलं काही बोलल्या नाहीत. समोर वीरभद्रप्पांच्या कापड दुकानात फोन आहे, वळसंगच्या पोलीस ठाण्यात फोन लावा, शिपाई धावत जाऊन सांगेल, एवढंच म्हणाल्या.

अप्पा गेले. वीरभद्रप्पा गिऱ्हाइकापुढे लुगडी उलगडत होते, त्यांनी मानेनेच फोन दाखवला. अप्पांनी रिसीव्हर उचलला. एक्स्चेंजमधून बाईने नंबर विचारला. आणि अप्पांच्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं उभं राहिलं. ठाण्यातल्या माणसाला सांगायचं काय? की मी दिलेल्या पुडीत विष आहे, बाईला थांबवा? नाव काय, गाव काय, डायरीत नोंद, मग पंचनामा, मग वर्तमानपत्र. तीस वर्षांचं नाव एका दुपारीत मातीत. आणि ती प्यायलीच नसेल तर हे सगळं फुकटच. बाईने पुन्हा नंबर विचारला.

"राहू द्या," अप्पा म्हणाले आणि रिसीव्हर ठेवला.

मी स्वतः गेलो तर लवकर होईल, असं त्यांनी मनाशी ठरवलं. ते खरं नाही हे त्यांना रिसीव्हर ठेवतानाच कळत होतं.

स्टँडवर वळसंगवरून जाणारी अक्कलकोटची एसटी नुकतीच सुटलेली, पुढची अडीचला. अप्पा धावतच अडतीवर गेले. तिथे त्याच वाटेने दुधनीला जाणाऱ्या एका ट्रकात रिकामी पोती भरत होते. ड्रायव्हर येडू त्यांना ओळखत होता, घेऊन जायला तयार झाला, पण पोती भरेपर्यंत एक वाजून गेला. जकात नाक्यावर रांग लागलेली होती, तिथे अर्धा तास. कुंभारीला येडूने चहासाठी गाडी थांबवली. अप्पांनी पेशंट गंभीर आहे एवढंच सांगितलं, त्याहून जास्त सांगायचं धैर्य त्यांना झालं नाही. म्हणून येडूला घाई दिसली ती वैद्याची नेहमीची घाई. त्याने चहा बशीत ओतला, फुंकला आणि सावकाश प्यायला. अप्पांना ती बशी त्याच्या हातातून हिसकावून घ्यावीशी वाटली.

गाडी पुन्हा सुरू झाली तशी ते मनात हिशेब करू लागले. एक पान घातलं असेल तर नुसतं गरगरेल. दोन घातली तर जीभ कोरडी पडेल, काही काळ दिसणार नाही. चारच्या पुढे त्यांना विचार करवेना. रंभाबाई हात राखून वापरणारी असू दे, एका पानात दोन दिवस काढणारी असू दे, अशी त्यांनी सिद्धेश्वराची विनवणी केली. पलीकडे तुरीच्या रानावर ढग आणखी खाली उतरले होते.

वळसंगला ते पोचले तेव्हा तीन वाजत आले होते. कोंडीबाचं घर गावाच्या कडेला. अप्पा धापा टाकत अंगणात शिरले तर कोंडीबा हसतमुखाने सामोरा आला.

"अप्पा, तुमी कशाला तरास घेतला? गुन आला की. धाप पार बसली. जरा बडबडती तेवडं."

आत रंभाबाई घोंगडीवर बसली होती. चेहरा लालभडक, अंग तापलेलं आणि कोरडं, घामाचा टिपूस नाही. डोळ्यांत नुसती काळी बुबुळं उरली होती. दोन्ही हातांनी ती हवेतली कापसाची बोंडं वेचून ओच्यात टाकत होती आणि कधीच्या वारलेल्या आईला पोतं धरायला सांगत होती. श्वास मात्र एकदम मोकळा. शिट्टी नाही, घरघर नाही. एवढ्या कमी वेळात एवढा मोकळा श्वास अप्पांनी आजवर कोणाचाच केला नव्हता, आणि तो ऐकून त्यांनी घाईने तिचं मनगट धरलं.

शेजारची गुरम्मा लिंबू घेऊन उंबऱ्यात बसली होती. हे बाहेरचं वारं हाय, आवसंपत्तर उतरंल, असं ती जमलेल्या बायकांना समजावत होती. अप्पांनी मान डोलावली असती तर वळसंगात कोणी दुसरं कारण शोधलं नसतं. तो मोह त्यांना झाला, नाही असं नाही. पण रंभाबाईच्या नाडीवर त्यांची बोटं होती, आणि ती नाडी मोजता येत नव्हती.

कधी प्यायली, त्यांनी विचारलं. दोन वाजता, कोंडीबा म्हणाला, शाळेची घंटा झाली तेव्हाच. निम्मी पुडी दोन तांबे पाण्यात घालून कपभर होईपर्यंत आटवली.

अप्पांनी मिठाचं कोमट पाणी मागवलं. कोंडीबाने तिला मागून धरलं आणि अप्पांनी तिच्या गळ्यात बोटं घातली. ती कडकडून चावली. दोनदा हिरवट पाणी पडलं, तिसऱ्यांदा काही आलं नाही, आणि तिची मान एका बाजूला कलू लागली. आता पुढे पाजलं तर ते छातीत जाईल हे अप्पांना माहीत होतं. त्यांची विद्या इथपर्यंतच होती. सरकारी दवाखान्याची नळी हवी होती, आणि त्यासाठी गाडी हवी होती, आणि गावात गाडी एकच होती, ठाण्याची जीप.

मग ज्या ठाण्यात फोन करायचा टाळला, त्याच ठाण्यात सिद्धाप्पा वैद्य हाताला रक्त लागलेले, कोंडीबाला घेऊन धावत गेले. हिंदुराव जमादारांना त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. धोतरा, काल दिलेली पुडी, चुकीचा शब्द, सगळं. जमादारांनी डायरी उघडलीच नाही. ड्रायव्हरला हाक मारली, टोपी उचलली आणि जीपकडे निघाले. चालता चालता सहज विचारावं तसं म्हणाले, "पण अप्पा, फोन का नाही केला? इथं फोन आहे की."

कोंडीबा शेजारीच उभा होता.

"सुचलं नाही," अप्पा म्हणाले.

वाटेत रंभाबाईचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. ती आता बोंडं वेचत नव्हती, बोटं नुसती थरथरत होती. सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने विचारलं, काय दिलं होतं, किती दिलं होतं. याच वयाच्या डॉक्टरांची अप्पा तीस वर्षं टिंगल करत आले होते. त्यांनी पानांची संख्या, पाणी, वेळ, सगळं नीट सांगितलं. डॉक्टरने लिहून घेतलं, टोमणा मारला नाही, आणि नळी मागवली.

रात्र कशीबशी गेली. सकाळी नर्सने येऊन सांगितलं की धोका टळला. दिसायला अजून दोन दिवस लागतील, पण बाई वाचली. अप्पा बाकावरच बसले आणि धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून रडले. कोंडीबाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

वॉर्डात गेल्यावर कोंडीबा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगत होता, की चूक आमची, आमी अडानी, पानं उकळून बसलो. पण अप्पांना कळल्याबरोबर ते स्वतः ट्रकात बसून आले, असा देवमानूस शोधून सापडायचा न्हाय. अप्पा रंभाबाईच्या उशाशी उभे राहून पेल्यात पाणी ओतत होते. त्यांना ते ऐकवेना. गप्प राहिले असते तर ही गोष्ट अशीच वळसंगभर झाली असती, आणि कदाचित दवाखानाही पूर्वीसारखाच चालला असता.

"कोंडीबा," ते म्हणाले, "चूक तुमची नव्हे. प्यायची असं मीच म्हणालो होतो. आणि फोनचं मला सुचलं होतं. बारा वाजता तो माझ्या हातात होता. पोलिसांत नाव जाईल म्हणून मी खाली ठेवला. केला असता तर हिनं ते प्यायलंच नसतं."

शेजारचा म्हातारा कूस बदलून भिंतीकडे वळला. मग कोंडीबा उठला, अप्पांच्या हातातला पेला त्याने हळूच काढून घेतला आणि खाटेच्या कडेला, अप्पांच्या आणि बायकोच्या मधोमध बसला.

रंभाबाईने मान वळवली. तिला अजून दिसत नव्हतं, जीभ जड होती. "अप्पांचा आवाज आला न्हवं? इचारा की त्यांना. लई कडू व्हतं, पन त्यांनी दिल्यालं म्हनून एक थेंब टाकला न्हाय. आता पुन्ना कदी प्यायचं?"

अप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"डाक्टरला इचारू," कोंडीबा म्हणाला, आणि त्याने पेला तिच्या ओठांना लावला.