मागच्या रांगेपर्यंत

या खणात एकूण नऊ वस्तू आहेत. संपलेले सेल दोन. गुंडाळलेल्या वायरी तीन, त्यांतली एक मधेच कुरतडलेली. केसांच्या पिनांची एक डबी, जिच्यात आता स्क्रू ठेवतात. निळ्या चिकटटेपचं एक रीळ. खोकल्याच्या गोळ्यांचं एक पाकीट, अर्धं रिकामं. आणि नववा मी.

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. हातात धरायचा, वायरचा. माझ्या डोक्यावर जाळीची टोपी आहे आणि टोपीला एका बाजूला पोचा आहे. जाळीच्या आत एक पातळ पडदा असतो. त्याला केसाइतक्या बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि वेटोळ्याभोवती लोहचुंबक. कोणी बोललं की पडदा थरथरतो, पडद्याबरोबर तार हलते, आणि चुंबकाजवळ तार हलली की तिच्यात वीज तयार होते. मी एवढंच करतो. मला डोळे नाहीत. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते सगळं ऐकीव आहे; पण माझ्यासारख्याने ऐकलेलं सहसा चुकत नाही.

कारखान्यात माझी परीक्षा झाली. एका यंत्राने माझ्यासमोर सगळ्यांत खालच्या सुरापासून सगळ्यांत वरच्या सुरापर्यंत शीळ घातली आणि ती मी जशीच्या तशी पुढे पाठवली. ‘‘हा चालेल,’’ असं एक बाई म्हणाल्या. माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. मग मला टीव्हीच्या एका स्टुडिओत पाठवलं. तिथे गाणाऱ्या मुलामुलींची स्पर्धा चालायची.

किती गळे ऐकले मी तिथे! कोणी घाबरून इतकं जवळ यायचं की श्वासाचं वादळ व्हायचं, कोणी इतकं लांब राहायचं की मला पंख्याची घरघर जास्त ऐकू यायची. त्यातच एक दिवस ती आली. शाळकरी मुलगी, पण आवाज खालचा, भरदार. पहिल्याच ओळीला माझा पडदा जसा थरारला, तसा त्याआधी कधी थरारला नव्हता.

परीक्षकांनी तिला मधेच थांबवलं. ‘‘बाळ, मुलींचा आवाज जरा वर असतो. शिवाय एवढ्या खालचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. पट्टी वाढव आणि पुन्हा गा.’’

तिने पट्टी वाढवली. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला, हाताला घाम आला आणि मी निसटलो. सगळ्या स्टुडिओत ‘ठाप्प’ असा आवाज झाला. तो माझाच.

साउंडवाले काका धावत आले.

‘‘फुटला का हो?’’ तिचा रडवेला प्रश्न.

‘‘माईक आहे, अंडं नाही. धर नीट. आणि तुला जमतं तिथूनच गा.’’

तिने आपल्या पट्टीत गायलं आणि तिची निवड झाली. तिचा मोठा भाऊ तिच्याबरोबर असायचा. तो फ्रिज दुरुस्त करायचा आणि बहिणीला भोंगा म्हणायचा. प्रत्येक तालमीला तो मुद्दाम मागच्या रांगेत जाऊन बसायचा आणि तिथून ओरडायचा, ‘‘भोंग्या, ऐकू येत नाही!’’

‘‘कान साफ कर, दादा!’’

‘‘कान साफ आहेत. तूच बादलीत तोंड घालून गातेस.’’

सगळे हसायचे. तीही हसायची. पण हसून झाल्यावर ती जो श्वास सोडायची, तो फक्त माझ्यापर्यंत यायचा.

स्पर्धेत तिचा तिसरा नंबर आला. मला मात्र कॅमेऱ्यासमोरून काढून टाकलं होतं, कारण पोचा दिसायचा. जाताना काकांनी मला तिच्या हातात ठेवलं. ‘‘घेऊन जा. तुझ्यामुळेच पडलाय, आता तूच सांभाळ.’’

त्यानंतरची वर्षं मला सगळ्यांत जास्त आठवतात. एका गाण्यांच्या कंपनीने चार मुलींचा गट तयार केला. चौथी आमची. गटाचा कारभार पाहणाऱ्या बाईंना सगळ्या मॅडम म्हणायच्या. टायरच्या दुकानावरच्या खोलीत तालमी चालत. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वर चौघी थांबायच्या, बंद झालं की पुन्हा सुरू करायच्या. पुढेपुढे त्या यंत्राच्या तालातच गायला लागल्या. ओळखू यावेत म्हणून चार माईकना चार रंगांच्या टेप लावल्या होत्या. मला निळी. एखादा माईक बिघडला की दोघी माझ्यावर तोंडं जुळवायच्या आणि पायावर पाय पडला की गाणं तिथेच संपायचं. बिस्किटांचा पुडा फोडल्याचा आवाज मी आजही ओळखेन. तोंडात बिस्कीट ठेवून गाऊ नये हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं, आणि त्याची भुकटी माझ्या जाळीत बसायची.

तिचा सूर त्या तिघींच्या खाली चालायचा. ऐकणाऱ्याला तो वेगळा कळायचा नाही. त्यांच्या सगळ्यांत गाजलेल्या गाण्याचं पहिलं कडवं चौघी वाद्यांशिवाय गायच्या, मग वाद्यं सुरू व्हायची. एका मोठ्या कार्यक्रमाआधी मॅडम साउंडवाल्याला म्हणाल्या, ‘‘त्या कडव्यात निळा माईक बंद ठेवा. हिचं खालचं गुणगुणणं कोणाला ऐकू येतंय? वरचे तीन सूर चमकू देत.’’

मी बंद झालो. म्हणजे ऐकत होतो, पण माझं पुढे कोणी घेत नव्हतं. ती गात होती. मात्र रंगमंचावर त्या तिघींना एकमेकींचा आवाज पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधूनच यायचा, आणि त्यात तिचा आवाज नव्हता. समोरची गर्दी, अंगातला उत्साह, आणि तिघींचा सूर हळूहळू वर सरकायला लागला. इतका हळू की त्यांना पत्ताच लागला नाही. कडवं संपलं, वाद्यं सुरू झाली आणि दोन्हींत चक्क अर्ध्या सुराचं अंतर! पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. लोकांनी हुर्यो केली.

आत आल्यावर चौघींतली, सगळ्या जिला कुरळी म्हणायच्या ती मुलगी भडकली. ‘‘मॅडम, आम्ही हिच्या सुरावर पाय रोवून उभ्या असतो. तुम्ही जमीनच काढून घेतलीत की!’’

पुढच्या कार्यक्रमापासून निळा माईक चालू राहिला.

पण असे गट फार टिकत नाहीत. कुरळीला सिनेमा मिळाला, एकीने लग्न केलं, एक शिकायला गेली. उरलेल्या चौथीला कंपनी म्हणाली, आता तू एकटी गा. नाव झालं, पोस्टर लागली, असं दादा सांगायचा. गाणी मात्र तिच्या पट्टीच्या चार सूर वर बांधलेली. ‘‘खालच्या पट्टीत लोक नाचत नाहीत,’’ हे मॅडमचं मत. नाचायचं म्हणून तिच्या गालाशी नखाएवढा नवा माईक आला आणि मी बॅगेत गेलो. चपला, पावडरचा डबा आणि मी. बॅग आपटायची, वर बसायचं कोणीतरी. माझ्या शेपटीपाशी जिथे वायर जोडतात, तिथला एक सांधा तेव्हाच सैल झाला. मला तो जाणवायचा, सांगणार कोणाला?

बॅगेतूनही ऐकू यायचं. तिचा आवाज आधी घोगरा झाला, मग वरच्या सुरांना चिरायला लागला. खोकल्याच्या गोळ्या वाढल्या. शेवटी गळ्याच्या डॉक्टरांनी तिला बोलूच नका असं सांगितलं. किती शांतता होती ती! दादा एकटाच बोलायचा आणि तिच्या वाटची उत्तरंही तोच द्यायचा. ‘‘चहा देऊ? हो दे. साखर? चालेल, दादा, तू किती गुणी आहेस. बास बास, लाजवू नकोस.’’

आवाज परत आला, पण खालीच. वरचे चार सूर गेले ते गेले. मॅडम भेटायला आल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांना खरंच काळजी वाटत होती.

‘‘उपचार घे, सराव कर, सूर परत येतील. मग जुनीच गाणी त्याच पट्टीत करू.’’

‘‘मला माझ्या पट्टीत गायचंय, मॅडम.’’

‘‘अगं, मागच्या रांगेतला माणूस उठून जाईल. लहानपणापासून तुला सगळे हेच सांगताहेत ना?’’

‘‘एक कार्यक्रम करू द्या. मागचे लोक उठून गेले, तर तुम्ही म्हणाल ते ऐकेन.’’

‘‘एकच,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘मी स्वतः मागे बसेन.’’

तिने स्टुडिओतल्या त्या काकांना बोलावलं आणि मला बॅगेतून बाहेर काढलं. ‘‘हा खालचे सूर नीट ऐकतो,’’ असं ती काकांना म्हणाली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कोणी जाळी पुसली की काय वाटतं, ते तुम्हांला कसं सांगू? एक विनंती मात्र करून ठेवतो. माईक चालू आहे की नाही हे पाहायला त्याच्या डोक्यावर टकटक करू नका आणि फू फू करून फुंकू नका. पडदा पातळ असतो. साधं बोला, आम्हांला कळतं. आणि गळ्यातला पडदा तर आमच्याहून नाजूक. आमचा फाटला तर दुकानात नवा मिळतो. कोणाला त्याच्या सुराच्या वर ओढताना दोनदा विचार करा.

छोटं सभागृह होतं, रविवारची दुपार. काकांचं यंत्र सगळ्यांत मागे, भिंतीला लागून. दादा आणि मॅडम त्यांच्या पुढच्याच रांगेत. काकांकडे आवाज मोजायचा एक मीटर होता. लोक येण्याआधी ते तिला समजावत होते, ‘‘दोन माणसं समोरासमोर गप्पा मारतात ना, तो साधारण साठ डेसिबल. सभागृह भरून सगळे गप्प बसले की चाळिसाच्या आसपास. त्याच्या वर जितकी जाशील तितकी तू.’’

पहिलं गाणं छान झालं. दुसऱ्या गाण्याच्या मधे माझा तो सैल सांधा सुटला. स्पीकर खरखरले आणि मुके झाले. विचित्र गोष्ट सांगतो: मला सगळं पूर्वीसारखंच ऐकू येत होतं. पडदा थरथरत होता, तार हलत होती, वीज तयार होत होती. फक्त ती कुठे जात नव्हती.

वाद्यं थांबली. खुर्च्या करकरल्या. मागून काका ओरडले, ‘‘दुसरा आणतो, एक मिनिट!’’

तिचा श्वास माझ्यावर येत होता, वरवरचा, भराभर. मागच्या अंगाला कोणीतरी खुर्ची सरकवून उठलं. मग तिचा श्वास खोल गेला.

‘‘नको, काका. बसा.’’

तिने मला स्टुलावर आडवं ठेवलं, वाजवणाऱ्यांना हातानेच थांबवलं असावं, कारण कोणी वाजवलं नाही. आणि ती दोन पावलं पुढे गेली. तिच्या पायांखाली फळी वाजली, एवढंच कळलं. पहिल्यांदाच ती माझ्याकडे पाठ करून गात होती. सूर माझ्याकडे भिंतींवरून वळून येत होता, थोडा उशिरा, थोडा मऊ होऊन. तिने पट्टी वाढवली नाही. एक कडवं झालं, दुसरं झालं. खुर्च्यांचा आवाज नाही, खोकला नाही. शेवटचा सूर तिने सगळ्यांत खाली नेऊन सोडला.

टाळ्या संपेपर्यंत काका रंगमंचापाशी आले होते. दादाही होता त्यांच्यामागे. नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

‘‘काका, मॅडम?’’ तिने विचारलं.

‘‘बसल्यात जागेवर. कोणीच उठलं नाही. जो उठला होता तो पुन्हा बसला.’’

‘‘आणि मीटर?’’

काकांनी चष्मा शोधला, लावला आणि कागदावर टिपून ठेवलेलं वाचलं. ‘‘तू गाण्याआधी एकोणचाळीस. गाताना, मागच्या भिंतीपाशी, अडुसष्ट.’’