मिशीची पैज

सलूनवाल्याने कंगवा टेबलावर आपटला आणि शेजारच्या सायकलवाल्याला म्हणाला, "लाव पैज. हरलो तर भर चौकात मिशी काढीन."

वाद लष्करातल्या रायफलचा होता. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप भरते कशी? सलूनवाला म्हणे, खांद्याला दणका बसतो त्याच्या जोरावर. सायकलवाला म्हणे, दारूच्या धुराने. दोघांनीही जन्मात बंदूक धरली नव्हती.

निवाडा वरच्या काकांचा, असं ठरलं. पलटणीत हयातभर बंदुका दुरुस्त केलेला माणूस. पण काकू गेल्यापासून खोलीबाहेर पडला नव्हता. ताट तसंच परत येई. लेकीने हात जोडून पाहिले, शेजारी समजावून थकले.

सलूनवाला जिन्याखाली गेला आणि वर तोंड करून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "दणक्यानेच भरते. खुद्द काकांनी सांगितलंय मला."

वरची कडी वाजली. काका बनियनवरच कठडा धरत खाली आले.

"माझ्या नावावर काय खपवतोस रे गाढवा?"

त्यांनी सायकलवाल्याचे दोन पंप नळीने जोडले. दुसऱ्याच्या दांड्याला रबर ताणून बांधलं. पहिला पंप म्हणजे बंदुकीची नळी, म्हणाले. दारू पेटते, तिचा वायू गोळीला पुढे रेटतो. नळीला वर बारीक भोक असतं, थोडा वायू तिथून निसटतो. त्यांनी पहिला पंप दाबला. दुसऱ्याचा दांडा सटकन बाहेर आला.

"हा दट्ट्या मागे गेला, रिकामं काडतूस बाहेर. आता स्प्रिंग त्याला पुढे ढकलणार, येताना नवी गोळी घेऊन येणार."

रबराने दांडा आत खेचला. काकांना धाप लागली होती. लेकीने चहा आणला. त्यांनी दोन बिस्किटं खाल्ली, तिसरं मागितलं.

खुर्ची रस्त्यावर आली. गल्ली गोळा झाली. वस्तरा काकांनीच चालवावा, असा सायकलवाल्याने हुकूम सोडला. काकांनी फेस लावला आणि वाकून हळूच म्हणाले, "मागच्या वर्षी याच खुर्चीत बसून तुला हे सगळं सांगितलं होतं. दोनदा."

"आठवत नाही बुवा."

"ओठ हलवू नकोस."

उजवी बाजू साफ झाली. काकांनी वस्तरा मिटला, टॉवेलला हात पुसले आणि जिन्याकडे निघाले.

"अहो काका, आणि डावी?"

"डावी उद्या."

गल्ली खो खो हसत होती. सलूनवाला अर्ध्या मिशीवर ताठ बसून राहिला.